हार गळ्यात आणि दार उघडे

मी एक जुनी फायरवॉल आहे, मित्रांनो. नाव इंग्रजी असले तरी काम साधे. उंबऱ्यात बसायचे, येणाऱ्याला "कोण रे तू?" विचारायचे आणि लुच्च्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचे.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे एक रक्तपेढी आहे. तिथल्या फळीवर मी सात वर्षे बसले आहे. दिसायला मी पोळ्यांच्या डब्याएवढा लोखंडी डबा. पण कोणती पिशवी कोणासाठी राखली आहे, ती यादी पेढीच्या संगणकात असते. त्या यादीच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये मी एकटी. रोज हजारो भामटे परतवते. शाबासकी वर्षातून एकदा. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. तो हारही नेमका माझ्या हवेच्या जाळीवर पडतो आणि मी दिवसभर तापते, ते सोडा.

आता माझी खोट सांगते. लपवणारी मी नव्हे.

मला हुकूम द्यायचे एक वेगळे दार असते. तिथे पासवर्ड टाकला की सांगाल ते मी करते. ते दार फक्त पेढीतल्यांसाठी. पण आमचा इंजिनिअर गौरांग राहतो उमरेडला. दर वेळी एसटीने यायचा त्याला कंटाळा. घरूनच पाहता यावे म्हणून त्याने ते दार बाहेरच्या जगाकडे उघडून ठेवले. मला विचारले? मला कोण विचारतो!

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी कंपनीचे पत्र आले. माझ्या बनावटीत मुळातच चूक निघाली होती. हुकमाच्या दारावर वाकड्या रीतीने हाक मारली, तर मी पासवर्ड न विचारताच आत घेते म्हणे. ते दार बाहेरून बंद करा, दुरुस्तीचा अपडेट टाका, आजच्या आज, असे लिहिले होते.

संगणकावर बसणाऱ्या नंदिनीने पत्र वाचून दाखवले. पण व्यवस्थापक मनोहररावांची पूजा नुकतीच आटोपली होती.

"आज यंत्राले हात लावाचा नाही. पुजलेलं हत्यार दसऱ्याले सोनं लुटल्यावरच उचलतात. आमच्या आजोबापासून चालत आलं."

सिंधूताई तिथल्या सगळ्यांत जुन्या परिचारिका. त्या म्हणाल्या, "मनोहरराव, तुमच्या आजोबाच्या विळ्याले इंटरनेट होतं का?"

सगळे हसले. मला हात मात्र कोणी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सावनेरहून उन्नती यायची होती. सात वर्षांची पोर. थॅलेसेमियामुळे तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि तिला कोणतेही चालत नाही, नीट जुळवलेलेच लागते. फ्रिजमधल्या शेकडो पिशव्यांत तिची कोणती, हे त्या यादीतच होते.

दुपारी कोणीतरी हुकमाच्या दारावर तशीच वाकडी हाक मारली. आणि मी वाट दिली, मित्रांनो. घडवणाऱ्यांनीच तसे घडवले होते, तिथे माझा जोर चालेना. आत येताच तो माझा मालक होऊन बसला. पण कोण आले, किती वाजता आले, हे मी लिहून ठेवतेच. नंदिनीच्या मनातून ते पत्र जात नव्हते. हात लावायचा नाही, पण पाहायला काय हरकत, म्हणून तिने माझी नोंद उघडली.

"सिंधूताई, हा कोण नवा मालक? अडीच वाजता आला!"

"गौरांगले फोन लाव वं, लवकर."

फोनवर गौरांग ओरडला, "मी नाही, ताई! मी तं सासुरवाडीत जेवून राहिलो. बाहेरची वायर काढा आधी!"

मनोहरराव दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभे राहिले. "हार हलला तं पूजा मोडते, सिंधूताई!"

"अन् यादी गेली तं उद्या त्या लेकराले काय चढवू, तुमचा झेंडू? सरका. पाप लागलं तं माझ्या नावावर लिवा."

त्यांनी हार काढून मनोहररावांच्याच गळ्यात घातला आणि वायर ओढली. चोर यादीच्या दाराशी पोचला होता. तिथेच तुटला.

गौरांग मिळेल त्या बसने आला. त्याने मला कोरी केली, अपडेट टाकला, सगळे पासवर्ड बदलले आणि ते दार बाहेरून कायमचे बंद केले. दसऱ्याला उन्नतीला तिची पिशवी मिळाली. जाताना ती सगळ्यांना आपट्याचे सोने देऊन गेली. मला नाही. डब्याला कोण देतो!

पुढे मनोहरराव म्हणू लागले, "हा डबाच नालायक. भंगारात द्या."

मी नालायक? चूक माझ्यात होती, कबूल. पण दार उघडे कोणी टाकले? पत्र ऐकून हातावर हात ठेवून कोण बसले? त्यांना भंगारात घालायची भाषा कोणी केली नाही. मी हलले नाही. अजून त्याच फळीवर आहे आणि मान वर करून आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरी, एखाद्या फळीवर माझी बहीण बसली असेल. तिला ओवाळू नका. तिच्या हुकमाचे दार बाहेर उघडे नाही ना, ते मोठ्यांना विचारा. दुरुस्तीचे पत्र आले तर मुहूर्त पाहू देऊ नका.

यंदा खंडेनवमीला मनोहरराव ताट घेऊन आले. सिंधूताई वाटेत उभ्या.

"अपडेट झाला का?"

"पूजा झाली की करतो..."

"आधी."

मी बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत मनोहरराव ताट धरून स्टुलावर बसून राहिले. निरांजन दोनदा विझले. माझे हिरवे दिवे लागले, तेव्हा कुठे उठून त्यांनी मला कुंकू लावले. मग हार उचलला, माझ्या जाळीकडे एकदा पाहिले, आणि शेजारच्या खिळ्याला अडकवला.