भाऊजींचा माउथपीस

धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. फोन खांद्याला धरून मी म्हटलं, "बोल गं." इतक्या दिवसांनी तिने आपणहून फोन केला होता, त्यामुळे मला बरं वाटलं.

"ताई, पुढच्या आठवड्यात मी सामान हलवतेय. त्याआधी रविवारी येऊन जाते. मला ह्यांचं बाकी काही नको. सॅक्सोफोनसुद्धा दादांनाच राहू दे. फक्त ह्यांचा तो माउथपीस द्या. दातांच्या खुणा असलेला." मग म्हणाली, "खुणा अजून राहिल्या असतील तर."

हे काय प्रकरण आहे ते सांगते. आमचे हे आणि भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एकाच बँडमध्ये शेजारी बसून सॅक्सोफोन वाजवायचे. दोघांनी एकाच दुकानातून एकाच बनावटीचे काळे माउथपीस घेतले होते. वाजवताना वरचे दात त्या माउथपीसवर टेकतात आणि वर्षानुवर्षांनी तिथे दोन खळगे पडतात. दोघा भावांनी माउथपीसवर कधी नाव घातलं नाही की खूण केली नाही. अंगठा फिरवायचे आणि आपापला उचलायचे. भाऊजींचा पुढचा एक दात लहानपणी अर्धा तुटला होता, त्यामुळे त्यांच्या माउथपीसवर एक खळगा खोल आणि शेजारचा नुसता नावाला. खळगे पडू नयेत, दातांना त्रास होऊ नये म्हणून काही लोक वर रबराची पातळ पट्टी चिकटवतात. ती कोणी लावलेली दिसली की भाऊजी विचारायचे, "दात काय उसने आणलेत?"

दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. साधा ताप म्हणून झोपले ते उठलेच नाहीत. त्यांच्या आठवणीत बँडने कार्यक्रम केला तेव्हा धाकटी पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती. ह्यांनी सॅक्सोफोन तोंडाला लावायला उचलला आणि तिने माझा हात घट्ट धरला. तो माउथपीस भाऊजींचा होता. रीड, म्हणजे फुंकल्यावर वाजणारी वेताची पातळ चकती, आवळून धरणाऱ्या पितळी क्लिपचा एक स्क्रू हरवला म्हणून भाऊजींनी तिथे पांढरा स्क्रू बसवला होता, तो लांबूनही चमकत होता. आणि वर, खुणांच्या जागी, रबराची पट्टी चिकटवलेली. धाकटी अर्ध्यातून उठून गेली.

"ते गेले ते गेले," ती मला नंतर फोनवर म्हणाली, "त्यांच्या खुणासुद्धा पुसायच्या होत्या का दादांना?" त्यानंतर तिने आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. मी ह्यांना विचारलं, अहो, स्वतःचा असताना त्यांचा कशाला घेतलात? "तुला नाही कळायचं," असं म्हणून ह्यांनी विषय संपवला. हे वाक्य मी लग्नापासून कुकरच्या शिट्टीसारखं ऐकत आलेय. त्यामुळे मनाने मी धाकटीच्या बाजूने होते, हे लपवून काय उपयोग?

तिचा निरोप सांगितला तेव्हा हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "देतो की." पान उलटून म्हणाले, "खण आवरायला हवा."

सॅक्सोफोनच्या सामानाच्या त्या खणाला मला हात लावायची परवानगी कधीच नव्हती. शनिवारी ती मिळाली आणि मी पदर खोचला. काय नव्हतं त्यात! साबणाच्या डबीत रीड, औषधाच्या बाटलीत स्क्रू, गळ्यात अडकवायचे तुटके पट्टे, सॅक्सोफोनच्या मानेवरच्या बुचाला लावायच्या ग्रीसच्या अर्ध्या संपलेल्या डब्या, आणि जोडीदार हरवलेल्या मोज्यांमध्ये गुंडाळलेले माउथपीस. मी चमचे ठेवायचा कप्प्यांचा ट्रे आणला. माउथपीस एका कप्प्यात, त्यांच्या टोप्या दुसऱ्यात, क्लिपा तिसऱ्यात, रीड चौथ्यात. खण कसा आरशासारखा झाला. शाबासकी मिळेल म्हणून मी ह्यांना हाक मारली.

हे आले आणि बघतच राहिले. मग जमिनीवर बसले आणि एकेक क्लिप उचलून ती कुठल्या माउथपीसची ते शोधायला लागले.

"हिची जागा ह्याच्यावरच आहे. दुसऱ्यावर घातली की रीड हलते."

"मग आधी सांगायचं."

"आधी विचारायचं."

मीही खाली बसले. दोघांनी मिळून माझं सगळं आवरणं मोडून पुन्हा आवरलं. त्यात मला ह्यांचा स्वतःचा माउथपीस सापडला. अंगठा फिरवला, दोन्ही खळगे सारखे. त्याचा मोजा धुळीने कडक झाला होता. हा दोन वर्षांत बाहेर निघालेलाच नव्हता. शेजारी त्या रबरी पट्ट्यांची पाकिटं पडली होती, कितीतरी, एक सोडून सगळी रिकामी. माझं डोकंच फिरलं.

"तुमचा इथे धूळ खातोय आणि तिच्या नवऱ्याचा रोज तोंडात! वर स्वतःच्या दातांची एवढी काळजी! उद्या तिला काय तोंड दाखवणार आहात?"

ह्यांनी तो मोजा झटकला आणि माउथपीस परत गुंडाळला.

रविवारी धाकटी आली. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर. पाणी दिलं तर नको म्हणाली. पूर्वी ही मुलगी आल्या आल्या सरळ स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायची.

ह्यांनी सॅक्सोफोनची पेटी तिच्यासमोर आणून उघडली. माउथपीस काढला, क्लिपचे स्क्रू सैल केले, रीड बाजूला ठेवली, आतून फडकं ओढून घेतलं. हे सगळं इतकं सावकाश की मला ओरडावंसं वाटलं. मग नखाने पट्टीचा कोपरा उचलला. धाकटीने मान फिरवली. पट्टी निघाली. खाली राहिलेला डिंक ह्यांनी मऊ कापडाने पुसला आणि माउथपीस तिच्या तळहातावर ठेवला.

तिने न बघताच अंगठा फिरवला. तिचा अंगठा तिथेच थांबला.

"आहेत," ती म्हणाली. मग डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "जशाच्या तशा आहेत."

मीही वाकून पाहिलं. एक खोल खळगा, शेजारी दुसरा नुसता नावाला. दोन वर्षं रोजचा रियाज, महिन्याचे कार्यक्रम, आणि ह्यांच्या दातांचा साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"पट्टी दर आठवड्याला बदलायचो," हे म्हणाले. "पातळ झाली की दात खाली उतरतात. त्याच्या खुणा गेल्या असत्या."

मला एकदम रडू आलं आणि रागही. "अहो, मग हे सांगायला काय झालं होतं? दोन वर्षं ही बिचारी मनात धरून बसलीय!"

"सांगायचं काय? तिला वाटलं, मी घेतला. घेतला तर होताच." हे काढलेली क्लिप मुठीत घेऊन धाकटीकडे वळले. "तो शेजारी नाही हे मला सहन होत नव्हतं. त्याचा माउथपीस लावला की निदान त्याचा थोडा आवाज यायचा. तुला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही."

धाकटी आता हमसून रडत होती. "दादा, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"मला कुठे बोललीस?"

"ताईंना बोलले."

"मग पोचलं असणारच," हे म्हणाले आणि ती रडता रडता हसली. मी दोघांकडे दुर्लक्ष केलं.

"ठेवून घ्या दादा," ती म्हणाली. "तुम्हाला लागेल तो."

ह्यांनी मान हलवली. "नाही. तुझा आहे." मग घाईघाईने सांगायला लागले. उन्हात ठेवायचा नाही, हिरवट पडतो. गरम पाण्याने धुवायचा नाही, घाण वास सुटतो. काचेच्या कपाटात शोभेला मांडू नकोस. क्लिप बदलू नकोस, ही ह्याचीच आहे. टोपी घालून मोज्यात गुंडाळून ठेव. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. सगळं सांगून झालं तरी पांढऱ्या स्क्रूची ती क्लिप ह्यांच्या मुठीतच होती. उन्हाचं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, आणि मग मूठ उघडली.

जाताना ती पाणी प्यायली. कोपऱ्यापर्यंत पोचवून मी परत आले तेव्हा हे खणापाशी बसले होते. त्यांनी स्वतःचा माउथपीस काढला, बुचाला ग्रीस लावलं, रीड ओली करून बसवली. पहिला सूर फाटला. दुसराही. हे थांबले, श्वास घेतला, पुन्हा लावला. मला ते बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी उरलेलं पाकीट उघडून पट्टी पुढे केली.

"ही एक शिल्लक आहे. लावून देऊ?"

ह्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग हातातल्या माउथपीसकडे.

"नको," हे म्हणाले. "हा माझा आहे. झिजू दे."