पाकिटावरचं शून्य

बाबांनी सिगरेट सोडल्याला एक्केचाळीस दिवस झाले होते, तेव्हा मी त्यांच्या इलेक्ट्रॉनिक सिगरेटची एक कार्ट्रिज न विचारता प्रयोगशाळेत नेली.

२००९ साल होतं. इथे आखातात, हवल्ली भागातल्या एका दुकानात या सिगरेटी नव्यानेच आल्या होत्या. ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा. पाकिटावर ठळक अक्षरांत 'निकोटिन ०' असं छापलेलं. ती पुढे विकू द्यायची की नाही, हे बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ठरवायचं होतं आणि त्यासाठी आयातदाराला आमच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा होता. त्याने स्वतः आणून दिलेले सहा नमुने मी तपासले. निकोटिन नव्हतं.

सातवी कार्ट्रिज बाबांची. तीच कंपनी, तसंच पाकीट. आलेखावर निकोटिनच्या जागी स्पष्ट उंचवटा आला. मी ती तीनदा तपासली.

"सर, दाखल्यावर मी सही करणार नाही," मी रूपेश सरांना सांगितलं. ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, दादरचे.

त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. "हा सातवा नमुना आपल्याकडे रीतसर आलाय का?"

"नाही."

"मग तो नाहीच. शलाका, आपण आलेला नमुना तपासतो. दुनिया नाही तपासत."

"निदान एवढं तरी लिहू, की नमुने विकणाऱ्यानेच आणून दिले होते."

"असं कधी लिहिलंय आपण?" त्यांनी पेन काढून स्वतः सही केली. "उद्यापासून तू पाण्याचे नमुने बघ."

बलदियात चौकशी केली तेव्हा कळलं, की तक्रार फक्त खरेदीदाराची चालते. नाव, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, आणि दुकानाची पावती लागते. पावती बाबांच्या नावावर होती.

आणि बाबा कुणाविरुद्ध कागद लिहीत नसत. बनेद अल-गारच्या आमच्या इमारतीची लिफ्ट पाच महिने बंद होती. सगळ्या भाडेकरूंनी अर्जावर सह्या केल्या, बाबांनी नाही. "आपण इथे पाहुणे आहोत," ते म्हणत. बावीस वर्षांत त्यांचा इकामा एकदाही अडला नव्हता, आणि तो तसाच राहावा म्हणून ते जिने चढत.

त्या संध्याकाळी मी आलेख जेवणाच्या टेबलावर ठेवला. आई दिनदर्शिकेवर बेचाळिसावी फुली मारत होती, ती थांबली.

"माझ्या वस्तूला हात कुणी लावायला सांगितला?" बाबा ओरडले.

"चूक झाली. पण त्यात निकोटिन आहे."

"तुझ्या मशीनमध्ये असेल! आधी कुणाचा तरी तंबाखू तपासला असशील, तोच राहिला असेल आत."

"आधी ब्लँक चालवला होता, नमुन्याशिवाय नुसतं द्रावण."

रिफायनरीत दाब आणि तापमानाची मापकं बिनचूक ठेवणं हे बाबांचं काम. त्यांनी चष्मा लावला.

"ब्लँक दाखव."

मी दाखवला. सपाट रेघ.

"किती वेळा?"

"प्रत्येक नमुन्याआधी."

"आणि यांनी शून्य छापलंय." त्यांनी पाकीट उलटसुलट केलं. "चारुशीला, बघ. शून्य छापलंय."

"मला काय दाखवता? मी फुल्या मारतेय वेड्यासारखी," आई म्हणाली.

"बाबा, दाबच नसताना तुमच्या मापकाचा काटा शून्यावर आला नाही तर?"

"प्लांट चालू करू देत नाही मी. कुणीही सांगो."

"मग?"

"ते वेगळं. तिथे माझी सही लागते."

"इथेही तुमचीच लागते."

"आगाऊ आहेस." एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. लाल दिवा काही लागला नाही.

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

बलदियात असमा नावाची अधिकारी होती. तिने अर्ज वाचला. "या सिगरेटींवर बंदी हवी आहे का तुम्हाला?" तिने इंग्रजीत विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," बाबा म्हणाले. "मला शून्य सांगून विकलं. ते शून्य नाही. दुकानाच्या फळीवरून स्वतः उचला आणि तपासा."

"अर्जाची प्रत आयातदाराला जाईल. तुमच्या नावासकट. मोठी माणसं आहेत."

मी बाबांच्या हाताकडे पाहत होते. पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं.

"नाव पूर्ण लिहू ना?" त्यांनी विचारलं, आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहिलं. मग खिशातली सिगरेट, उरलेल्या कार्ट्रिज, पावती, सगळं तिच्या टेबलावर ठेवलं.

पुढचे दिवस घरात वाईट गेले. बाबा चहावरून, पंख्यावरून, बातम्यांवरून भांडले. ऑफिसात त्यांना कुणी तरी विचारलं, "काय विजयकुमार, या वयात कोर्टकचेऱ्या?" ते म्हणाले, "उशीरच झाला." घरी येताना इमारतमालकाकडे लिफ्टचा अर्जही देऊन आले.

अकराव्या दिवशी मी पाण्याचे नमुने तपासत असताना रूपेश सरांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर बलदियाचं सील असलेली पिशवी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: हवल्ली, दुकानाच्या फळीवरून.

"तक्रारदाराचं आडनाव ओळखीचं वाटतंय," ते म्हणाले.

"माझे वडील आहेत."

"नोकरी करायची आहे ना इथे?"

"करायची आहे, सर. हा नमुना रीतसर आलाय."

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "घे, कर तपासणी."

मी ती परत सरकवली. "तक्रार घरची आहे. मी हात लावणार नाही. तुम्ही तपासा, मी बाजूला उभी राहते."

सर उठले, हातमोजे चढवले आणि सील तोडायला कात्री घेतली.

"आधी ब्लँक, सर," मी म्हणाले.