डबे परत जायला हवेत

मैत्रिणी चांगल्या असल्या की फ्रिजचं दार लागत नाही, हे मला या वर्षी ओहायोतल्या डब्लिनमध्ये कळलं. आईला हॉस्पिटलमधून घरी आणल्याबरोबर रुपालीने सगळ्या जणींना वार वाटून दिले. कोणी उसळ आणायची, कोणी पोळ्या, कोणी नुसतं आईजवळ बसायचं, म्हणजे मला वरच्या खोलीत माझ्या मीटिंगा करता येतील. आई जेमतेम दोन चमचे पेज घ्यायची. बाकीचं मी आणि माझा नवरा अनीश खायचो, आणि आम्ही दोघं म्हणजे काही लग्नाची पंगत नव्हे.

डबे साठत गेले. इथल्या बायका हुशार. दह्याच्या रिकाम्या टबातून भाजी पाठवतात आणि वर 'परत करू नकोस गं' असंही सांगतात. फक्त नागपूरची वैदेही स्टीलचा डबा आणायची, तिच्या आईचं नाव कोरलेला. मी सगळं धुऊन ओट्यावर रचून ठेवलं होतं. आईचा वरखाली होणारा पलंग फॅमिली रूममध्ये होता आणि तिथून तो ओटा तिला समोरच दिसायचा.

हे डबे कधी परत जाणार, असं ती रोज विचारायची. जातील, असं मी म्हणायचे. मग पुढचं ठरलेलं: डबा रिकामा परत करू नये, काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालावी. सांगलीला आमचा आणि शेजारच्यांचा एक डबा वर्षानुवर्षं कुंपणावरून ये-जा करत होता, आणि तो मूळचा कोणाचा हे शेवटी दोन्ही घरं विसरली होती. मी चिडायचे. स्वतःला कूस बदलता येत नव्हती आणि हिला दह्याच्या टबांची पडली होती.

माझ्या चिडण्याचं खरं कारण वेगळं होतं. आता लिव्हरसाठी करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी मला आणि अनीशला स्पष्ट सांगितलं होतं. हॉस्पिसची नर्स घरी यायची ती फक्त आईला दुखू नये म्हणून. आईला मात्र मी सांगितलं होतं की अशक्तपणा जाईपर्यंत घरीच ट्रीटमेंट करायची आहे. आईला कधी सांगणार, असं नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा आमच्याकडे असं तोंडावर सांगत नाहीत, असं मी तिला ऐकवलं. पण आईनेच सरळ विचारलं असतं तर? त्या एका प्रश्नाची मला इतकी धास्ती होती की तिच्याजवळ नुसतं बसायचंही मी टाळत होते. उशी सरकवायची, पाणी द्यायचं आणि वर पळायचं. दिवस हातातून चालले होते, ते कळत होतं, तरी मी पळत होते.

एका गुरुवारी मीटिंग संपवून खाली आले तर घरभर तुपाचा वास. रुपाली रवा भाजत होती आणि वैदेही साखरेत पाणी घालत होती. आईने मला वगळून दोघींना परस्पर कामाला लावलं होतं. पाकातले रव्याचे लाडू, सगळ्या डब्यांत भरायला.

मी आवाज दाबून दोघींवर डाफरले. आईला आराम हवा आहे, हा पसारा कशाला, डबे काय पळून चाललेत? हे सगळं मार्गी लागलं की नंतर मी स्वतः भरून देईन.

आईचे कान अजून शाबूत होते.

"नंतर नाही चालायचं, रेणू," ती म्हणाली. "नंतर सुतक असेल. सुतकातल्या घरचं कोण खाईल?"

रुपालीचा हात थांबला.

"तू हलवत राहा गं," आई तिला म्हणाली. "रवा लागेल."

मी पलंगावर जाऊन बसले. तुला कोणी सांगितलं, एवढंच मला विचारता आलं.

"सांगायला कशाला पाहिजे? औषधं कमी झाली आणि माणसं वाढली." तिला दम लागत होता. "लपवून तुला बरं वाटत होतं, म्हणून मीही गप्प बसले."

मला राग आला. इतके दिवस मी जिन्यात उभी राहून, चेहरा नीट करून खाली येत होते आणि ही बाई मलाच सांभाळून घेत होती. मग राग गेला आणि हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं.

वैदेहीने बशीत पाकाचा थेंब आणला. आईने तो अंगठ्यात आणि बोटात धरून ओढला. तार आली. गॅस बंद कर आणि रवा घाल, असं तिने सांगितलं. मिश्रण मुरेपर्यंत तिने बाकीचंही उरकून घेतलं. मोतिया रंगाची इरकल नेसवायची. मामाला फोन करायचा तो सांगलीतली सकाळ बघून, त्याला बीपी आहे. मी सगळ्याला हो म्हणत होते आणि रडत होते, आणि रडताना पळून जात नव्हते. नंतर चौघींनी, म्हणजे तिघींनी हातांनी आणि आईने डोळ्यांनी, लाडू वळले. माझे वेडेवाकडे झाले. ते डब्यांच्या तळाशी घाला, असं तिचं म्हणणं पडलं.

वीकेंडपर्यंत सगळे डबे भरून घरोघर गेले. ओटा रिकामा झाला तशी आईने विचारणा थांबवली. त्यानंतरचे दिवस मी तिच्याजवळच बसले. फार काही बोललो असं नाही. ती एका दुपारी गेली, माझ्या हातात हात असताना, आणि वैदेही पलीकडे होती.

फ्युनरल होममधून परत आलो तर वैदेहीने तिच्या स्टीलच्या डब्यातून पिठलं-भात आणला. आम्ही जेवलो. ती निघाली तेव्हा मी डबा धुतला, पुसला आणि काही विचार न करता साखरेची बरणी उघडून त्यात चमचाभर साखर घातली.

वैदेहीने माझा हात धरला. "नको, रेणू. आज रिकामाच न्यायचा असतो."

मी डबा तसाच धरून ठेवला.

"काकू म्हणाल्याच होत्या मला," ती म्हणाली. "रेणूने जन्मात कधी डबा भरून दिला नाही, आणि नेमका नको तेव्हा भरायला जाईल. घेऊ नकोस म्हणाल्या."

मी साखर बरणीत परत ओतली, डबा तिच्या हातात दिला आणि मग मला रडू आवरेना. झाकण माझ्याच हातात राहिलं होतं, त्यामुळे तिला जाताही येईना. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि कोट काढला.