लाइन चालू आहे की नाही

नेर गावात मोबाइल अजून ज्याच्या त्याच्या हातात आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत फोन एकच, वामनराव पांढरीपांडे यांच्याकडे. वामनराव तहसीलमधून निवृत्त झालेले. खुर्ची गेली, फोन राहिला, आणि फोनमुळे माणसंही राहिली. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, जावयाच्या खिशातल्या चिठ्ठीवर सगळी गल्ली त्यांचाच नंबर द्यायची. फोन आला की वामनराव ओट्यावर येऊन ज्याला त्याला हाक मारत, आणि तो बोलत असेपर्यंत पेपर वाचल्यासारखं करत. पैसे ते कोणाकडून घेत नसत. घेतले असते तर हिशेब तिथंच मिटला असता, आणि वामनरावांना हिशेब मिटवायचा नव्हता.

त्यांची धाकटी मुलगी प्राची एम.ए. होऊन घरी होती. पुण्याच्या एका संस्थेनं कॉम्प्युटरवरचे इंग्रजी शब्द मराठीत आणायचं काम काढलं होतं. काम लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीवर करायचं, घरी बसून. भाषांतराचा नमुना शनिवारी संध्याकाळी सातच्या आत ई-मेलनं पोचला तर काम प्राचीचं. नाही पोचला तर सोमवारी अमरावती, बी.एड. आणि होस्टेल, असं वामनरावांनी जाहीर केलं होतं. प्राचीला शिकवायचं नव्हतं. शिकवणं वाईट नाही, आपल्याला जमत नाही, एवढंच ती आईला म्हणाली. त्यावर आईनं, रत्नप्रभाबाईंनी, शिलाई मशीनवरचे कपडे उचलून कोपऱ्यातलं टेबल तेवढं कॉम्प्युटरसाठी मोकळं करून दिलं.

अडलं मोडेमवर, म्हणजे फोनच्या लाइनीवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्रावर. कॉम्प्युटरच्या आत बसवलेलं मोडेम लिनक्सला दिसेचना. बसस्टँडजवळ एसटीडी-कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या अमरनं कारण सांगितलं : हे स्वस्तातलं कार्ड, याचं अर्धं डोकं विंडोजमध्ये असतं; विंडोज नसेल तर ते नुसता पत्रा. त्यानं बाहेरून जोडायचं एक जुनं मोडेम दिलं, पुढे लाल दिवे असलेलं. ते लिनक्सनं ओळखलं. पण नंबर लावायला सांगितलं की पडद्यावर यायचं, डायल टोन नाही. रिसीव्हर उचलून कानाला लावला तर टोन चांगला घुमत होता.

प्राचीनं सीडीवरची मदतीची पानं वाचून काढली तेव्हा उलगडा झाला. मोडेम परदेशी. त्याच्या कानाला तिकडच्या टोनची सवय. नेरच्या एक्सचेंजचा टोन त्याला टोनच वाटत नव्हता. त्यासाठी एक बारकी आज्ञा होती : टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर लाव. ती दिल्यावर मोडेम किंचाळलं, खाकरलं आणि गप्प झालं. म्हणजे जोडलं गेलं. रत्नप्रभाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

साखर जरा घाईनं ठेवली गेली. लाइन जुळायची, मेल निघायचा, आणि अर्ध्यात तुटायचा. पुन्हा नंबर, पुन्हा किंचाळणं, पुन्हा तेच. शनिवार दुपारपासून प्राची हेच करत बसली होती. आधी तिला लिनक्सचा राग आला, मग अमरच्या मोडेमचा, मग स्वतःचा. सहा वाजून गेले तेव्हा ती पाणी प्यायला उठली आणि समोरच्या खोलीच्या दारात थांबली. वामनराव रिसीव्हर कानाला लावून फोनचा खटका टकटक दाबत होते.

कोणाला फोन करताय, असं तिनं विचारलं.

"कोणालेच नाही. लाइन चालू हाय का पाहून राह्यलो." ही त्यांची रोजची सवय. नेरची लाइन कधीही मुकी व्हायची आणि सगळ्यांत आधी तक्रार नोंदवायचा मान ते सोडत नसत. "दुपारपासून लाइनीत सारखी खरखर येते. खटका दाबला की नीट होते. चारदा तरी दुरुस्त केली मी."

प्राचीला हसू आलं नाही. "बाबा, ती खरखर म्हणजे मीच आहे."

समजावायला वेळ लागला नाही. दोन्हीकडे लाइन एकच. इकडे उचललं की तिकडे तुटतं. वामनरावांनी रिसीव्हर जपून जाग्यावर ठेवला. प्राची आत गेली, आणि मोडेम पुन्हा किंचाळलं.

तेवढ्यात समोरच्या नंदाबाई पदर सारखा करत ओट्यावर आल्या. त्यांची लेक सुरतला दिली होती, आणि शनिवारी या वेळेला तिचा फोन यायचा.

"आला का हो भाऊ फोन?"

"आज सातपर्यंत येणार नाही."

"लाइन गेली काय?"

हो म्हणणं सोपं होतं. लाइन गेली म्हटल्यावर नेरमध्ये कोणी कोणाला दोष देत नाही, आणि नंदाबाई उद्या पुन्हा याच ओट्यावर आल्या असत्या. वामनरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"नाही. चालू हाय. पोरगी कामावर हाय."

नंदाबाईंनी घरातल्या घरात कामावर असलेली पोरगी कधी पाहिली नव्हती. त्या म्हणाल्या, बरं, मग मी अमरच्या दुकानातून लावते, आणि त्याचाच नंबर देऊन ठेवते तिले, तुम्हाले कायले त्रास. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर वामनरावांना सोपं गेलं असतं.

ते फोनपाशी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सात वाजायच्या जरा आधी प्राची बाहेर आली आणि मेल गेला म्हणाली. त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून नंदाबाईंकडे गेले. लाइन मोकळी झाली, एवढंच सांगायचं होतं. गल्लीत कोणाच्या घरी निरोप घेऊन जायची वेळ त्यांच्यावर याआधी आली नव्हती. त्यामुळे दारात किती वेळ उभं राहायचं असतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

नंदाबाई दुकानातून नुकत्याच परतल्या होत्या. लेकीशी बोलणं झालं होतं. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मांडला.

"काय काम करते म्हणता प्राची?"

वामनराव सांगायला लागले, कॉम्प्युटरचं, पुण्याचं, आणि तिथंच थांबले. पुण्याहून काय येतं, पोरगी त्याचं काय करते, कोणासाठी करते, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. अमरावतीचं सगळं त्यांनी विचारलं होतं, अगदी होस्टेलच्या जेवणापर्यंत.

"विचारून सांगतो," ते म्हणाले, आणि चहा बशीत न ओतता तसाच गरम पिऊन उठले.