टाक्यांचा डावा कोपरा

कॅनडाच्या उत्तरेतल्या आमच्या गावाचा दवाखाना तळ्यापलीकडे आहे. उन्हाळ्यात होडी जाते, हिवाळ्यात बर्फावरून गाडी. तळं गोठायला लागलं की मधले काही दिवस कुणीच जाऊ शकत नाही. लॉर्नाचे टाके नेमके त्या दिवसांच्या तोंडावर डाव्या कोपऱ्यात उसवले.

तिला मधुमेह होता. तिसरी मुलगी विमानाने विनिपेगला जाऊन सिझेरियनने झाली. घरी आल्यावर साखर चढलेलीच राहिली आणि जखमेतून पाणी येऊ लागलं. शेवटच्या होडीने जाऊन ती नर्सला दाखवून आली. नर्सने पिशवीभर सामान दिलं. रोज जखम मिठाच्या पाण्याने धुवायची, ओलं गॉझ आत सैलसर भरायचं, ताप आला तर फोन करायचा.

जखम पोटाच्या वळीखाली, लॉर्नाला स्वतःला दिसायची नाही. नवऱ्याने, इव्हानने, जन्मभर शिकारीची जनावरं सोलली होती, पण बायकोची जखम बघून तो भिंतीला टेकून खालीच बसला. उरली सासू, रोझेल. ती म्हणाली, माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि शेगडीकडे वळली.

मुलांना गोड पेयं देऊ नका असं आपण म्हटल्याचा सासूला अजून राग आहे, असं लॉर्नाला वाटलं.

"आई, भांडायचंच असेल तर नंतर भांडू. आत्ता मला हे दिसत नाहीये."

"राग कसला? इव्हानच्या बापाचा साखरेने चिघळलेला पाय मीच धुवायचे. एक दिवस चुकवला नाही. तरी आधी बोटं गेली, मग पाय, मग तो. माझ्या हाताला गुण नाही, पोरी."

"गुण राहू दे. नर्सने सांगितलंय तेवढं करा."

रोझेलने किती तरी वेळ हात धुतले. जे दिसेल ते ती बोलून दाखवायची, आज पिवळट आहे, आज कड लाल आहे, आणि लॉर्ना ते फोनवर नर्सला कळवायची. जेवणात मासे आणि सूप, पाव बंद. बहिणीने पाठवलेला केक लॉर्नाने चोरून खाल्ला तेव्हा रोझेल दिवसभर तिच्याशी बोलली नाही. साखर हळूहळू उतरली आणि जखमेचा खड्डा तळापासून भरत आला.

बर्फ जाड झाल्यावर दोघी दवाखान्यात गेल्या. नर्सने कडा दाबून पाहिल्या. आता वरून पट्टी पुरे, म्हणाली.

रोझेल खुर्चीतून उठली नाही. तिने बूट काढला, मग मोजा.

"आलेच आहे, तर माझ्या टाचेची जखम बघ. उन्हाळ्यापासून भरत नाहीये."

लॉर्नाने खाली वाकून तिची टाच हातात घेतली.

ती जखम जास्त हट्टी निघाली. एप्रिलपर्यंत लॉर्ना रोज ती धूत होती, आणि पाणी फार गरम आहे म्हणून रोझेल रोज कुरकुरत होती.