फूटपट्टीवरच्या एक्केचाळीस किल्ल्या

मित्रांनो, कुलपांच्या दुकानात खुंटीवर एक कापडी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात पडून असलेला जुना मोबाइल म्हणजे मी. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. मला कधीही बंद करायचे नाही, असा या दुकानाचा हुकूम आहे. तो का, ते सांगतो. जरा जवळ या, आणि येताना दार लावून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या बायका रांगेने बसल्या होत्या. एकीने माझा डोळा बसवला, दुसरीने कान. कोणी माझ्याशी बोलले नाही. तिथून मी एकच गुण घेऊन निघालो: पाहिलेले विसरायचे नाही.

पहिली तीन वर्षे मी किल्लीवाल्या आजोबांच्या लेकीजवळ होतो. तिने नवा मोबाइल घेतला आणि मी खणात गेलो, गंजलेल्या स्क्रूंच्या शेजारी. तिथेच माझे आयुष्य संपले असते. पण आजोबांनी मला मागून घेतले.

आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरे शिकले ती पन्नाशीत, कुलपांवरची नावे वाचून वाचून. चाळीस वर्षे त्यांनी कानशीने किल्ल्यांचे दात घासले. मग हात थरथरू लागले. लेक बाकावर बसली आणि आजोबा दाराजवळच्या स्टुलावर आले. गिऱ्हाइके त्यांना "बरं आहे ना?" विचारीत आणि उत्तर ऐकायच्या आधीच लेकीकडे वळत.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना मोबाइल नको असतो, ती त्याला घाबरतात. मी तरी तसे पाहिले नाही. लेक म्हणाली होती, "बाबा, या वयात हे खूळ कशाला?" त्यावर आजोबा म्हणाले, "पोरी, अर्ध्या गावाची दारं माझ्या हाताची आहेत. मला बाहेर बघायला एक खिडकी असू दे की."

तिने त्यांना शिकवले, पण दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. इथे दाबले की फोटो निघतो, इथे दाबले की तो सगळ्यांना दिसतो. सगळे म्हणजे कोण, हे त्यांनी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. तिसरे गिऱ्हाईक आले आणि शिकवणी संपली.

आता या दुकानाचा एक जुना नियम तुम्हाला सांगायला हवा. किल्ली तयार झाली की ती मुठीत झाकून द्यायची. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेला तिचे दात पडू द्यायचे नाहीत. एकदा हाताखालच्या एका कारागिराने गिऱ्हाइकाची किल्ली ओल्या साबणावर दाबून ठसा घेतला होता, चोरून तशीच दुसरी करायला. आजोबांनी त्याला त्याच पावली बाहेर काढले. साबणाची ती वडी पुढे कित्येक वर्षे फळीवर होती, येणाऱ्या प्रत्येक कारागिराला दाखवायला.

असा हा डोळ्यांत तेल घालून वागणारा माणूस. त्याने पहिला फोटो कशाचा काढावा? स्वतःच्या दुकानातल्या कामाचा. किल्ली हिरव्या कापडावर ठेवली, आणि खाली पोलादी फूटपट्टी. माप किती नेमके आहे, ते दिसायला नको का! खाली एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिले: "दवाखान्यामागचं पिवळं दार. शिवणवाल्या बाई. एकट्या राहतात, स्वभाव सोन्यासारखा."

थोड्या वेळाने मी त्यांच्या हातात थरथरलो. कोणी तरी हृदय पाठवले होते. त्याला चेहरा नव्हता, नाव नव्हते, फक्त एका पिवळ्या फुलाचे चित्र होते. त्याने लिहिले, "वा आजोबा, असे हात आता राहिले नाहीत."

आजोबांच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्या दिवसापासून लेकीने किल्ली तयार केली की आजोबा म्हणत, "थांब, आधी इकडे आण." फूल कधी चुकले नाही. ते आपुलकीने विचारी, "दात जरा जवळून दाखवा ना." "ही किल्ली कोणाची?" "घरी कोण कोण असतं?" आजोबा उत्तर देत. इतकी चौकशी घरच्यांनी तरी कुठे केली होती? लेकीचाही अंगठा प्रत्येक फोटोखाली असे. बाबांना बरे वाटावे म्हणून ती तो देई. फोटो मात्र तिने एकही नीट पाहिला नव्हता.

मला सगळे दिसत होते. पण मला तोंड दिलेले नाही.

मग एका दुपारी शिवणवाल्या बाई दुकानात आल्या. उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "काका, मी शिवलेले कपडे पोचवून घरी आले. कुलूप तुटलेलं नाही, कडी वाकलेली नाही. पण कोणी तरी माझ्या खुर्चीवर बसून गेलंय."

लेकीने विचारले, "चोरीला काय गेलं?"

"काहीच नाही. कात्री मी उजव्या हाताला ठेवते, ती डावीकडे होती. माझ्या पेल्यातून कोणी तरी पाणी प्यायलंय. चोरी झाली असती तर निदान कळलं असतं, त्याला काय हवंय."

आजोबांना वाटले, संशय दुकानावर येतो आहे. ते स्टुलावरून उठले. "बाई, त्या दाराच्या किल्ल्या दोनच. एक तुमच्याजवळ, एक तुमच्या बहिणीजवळ. तिसरी माझ्या दुकानात झालेली नाही. माझं काम उघडं आहे, बघा." आणि पुरावा म्हणून त्यांनी मला त्यांच्यासमोर धरले. हिरवे कापड, किल्ली, फूटपट्टी. "अर्ध्या केसाचाही फरक नाही."

बाईंनी फोटो पाहिला. मग त्याखालची अक्षरे वाचली, आणि भिंतीला टेकल्या.

लेकीने कानस खाली ठेवली. माझ्यावर बोट फिरवत ती एकेक फोटो मागे सरकवू लागली. "बाबा, या एक्केचाळीस आहेत."

आजोबांनी फळीकडे पाहिले, जिथे ती वडी असायची. म्हणाले, "पोरी, हा साबणच की." मला त्यांनी हळूच बाकावर ठेवले, गरम तव्याला हात लागावा तसा हात काढून घेतला.

त्याच दिवशी दुकान बंद करून दोघे निघाले. आधी पिवळे दार, मग पुढचे. गिऱ्हाईक आणि त्याचे घर आजोबांच्या पक्के लक्षात होते. प्रत्येक दाराशी ते आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगत आणि लेक नवे कुलूप बसवी. काहींनी पाणी दिले. एकाने म्हटले, "म्हातारचळ लागला तर घरी बसावं." आजोबांनी मान हलवली, आणि त्याचेही कुलूप बदलून झाल्यावरच निघाले. पोलिसांनी मला उलटेसुलटे पाहिले, कागद भरला आणि सांगितले की फुलामागचा माणूस सापडणे कठीण. लेकीने सगळे फोटो पुसून टाकले. पण ज्याने ते आधीच घेतले, त्याच्याजवळचे कसे पुसणार?

चाळीस कुलपे बदलली. एक राहिले.

ज्या बाईचे ते कुलूप, ती या भागात नवी होती. कडेवर बाळ होते, आणि किल्लीला लाल दोरा बांधलेला. घाईत आली, घाईत गेली. आजोबांनी लिहिले होते: "नवीन घर, तान्हं बाळ, नवरा परगावी." फुलाने विचारले होते, "घर कुठे?" आणि आजोबांनी उत्तर दिले होते, "विचारायचं राहिलं. परत आली की विचारून सांगतो."

ती परत आलेली नाही. आजोबा रोज स्टुलावर बसून प्रत्येक बाईच्या कडेवर बघतात, बाळ आहे का म्हणून. माझ्यावर त्यांनी शेवटचे पाच शब्द लिहून ठेवले आहेत, फोटो न लावता: "लाल दोऱ्यावाल्या ताई, कुलूप बदला." चुकून तरी तिच्या नजरेस पडेल आणि तिचे उत्तर येईल, म्हणून मला बंद करत नाहीत. आजवर ते एकानेच पाहिले आहे. त्याने खाली हृदय ठेवले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस मोबाइल मागत असेल तर जरूर द्या, ते हसण्यासारखे नाही. पण दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात शिकवू नका. शेजारी बसा. सगळे म्हणजे कोण, ते सांगा. अंगठा देण्याआधी त्यांनी काय दाखवले आहे, ते पाहा. तुम्ही पाहिले नाही, तर पाहणारा दुसरा कोणी असतोच.

आणि आज घरी गेलात की आईची किल्ली बघा. तिला लाल दोरा असेल, तर हे लगेच तिला सांगा.

मी पिशवीत पुन्हा थरथरलो आहे. पिवळे फूल विचारते आहे, "आली का ती, आजोबा?"