दोन्ही वेळा अकरा

तुमसरच्या राइस मिलमध्ये तूस झाडणाऱ्या बायकांना धाप किती लागते, हे मोजायला कुणीतरी चौदा प्रश्न तयार केले होते. जितकी धाप जास्त, तितके गुण जास्त. प्रश्नावली भरवशाची आहे का हे पाहायचं, तर त्याच बाईला पंधरा दिवसांनी तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. जुळलं म्हणजे खरं, असं कुठे असतं? पण कागदावर ते फार शहाणपणाचं दिसतं.

प्रश्न विचारत फिरणारी हर्षा अड्याळची, सहा महिन्यांच्या करारावर. तिचं चुकलं एवढंच, की पहिल्या फेरीत मनकर्णाबाईंच्या घरापुढच्या सपरीत चहा घेताना ती मन मोकळं करून बसली. मागच्या गावात उत्तरं जुळली नाहीत, प्रकल्पाच्या सरांनी तिलाच झापलं. पुन्हा तसं झालं तर करार संपला. मनकर्णाबाईंनी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांचे गुण भरले अकरा.

पंधरा दिवसांनी हर्षा गेली, तेव्हा दारापर्यंत येतानाच त्या दोनदा थांबल्या.

"मावशी, पाणी आणताना थांबावं लागते का?"

"मांगच्या डावा का सांगतलं होतं म्या?"

"ते सोडा. आता काय होते ते सांगा."

"कधी कधी, असं सांगतलं होतं. थेच लिव."

"पण तुम्हाला तर..."

"एकदा जबान देल्ली का देल्ली. तुयी नोकरी जाईन ना वं!"

फॉर्मवर एक रकाना होता: मधल्या काळात तब्येत बदलली का? 'हो' लिहिलं की ही बाई बाद, दुसरी शोधा. हर्षाने 'नाही' लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही, याची तिला आजही चीड येते. गल्लीतल्या बाकी बायकांनीही आपापली जबान अशीच राखली.

उत्तरं इतकी जुळली की सरांनी जुळणीचा आकडा पेढ्यासारखा सगळ्यांना वाटला. एकपैकी शून्य पूर्णांक त्र्याण्णव! हर्षाचा करार वर्षभर वाढला.

माघात मिलच्या आवारात त्याच बायकांसाठी शिबिर लागलं. चोविसाच्या वर गुण असतील त्या बायकांना फुप्फुसं तपासायला थेट गाडीने नागपूरला न्यायचं होतं. एव्हाना मनकर्णाबाईंचं एक वाक्यही धड पुरं होत नव्हतं. हर्षाने त्यांना काही विचारलंच नाही. डोळ्यांना दिसत होतं ते भरलं आणि बेरीज मांडली, एक्केचाळीस. न विचारता भरलेला हा तिचा पहिलाच फॉर्म, आणि तो खरा होता.

शिबिरात नोंदी घेणाऱ्या सुगतने लॅपटॉपमधली जुनी यादी काढली. "मॅडम, दोन्ही वेळा अकरा, अन् आता एकदम एक्केचाळीस? प्रश्नावली तर पक्की ठरली आहे. मंग भरणाऱ्याचंच चुकलं ना? सरांना फोन लावतो."

दुसऱ्या वेळचे अकरा खोटे होते. एवढंच बोलायचं होतं. हर्षाने तोंड उघडलंही, पण मनकर्णाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"पोरीले... बोलू नोका, साहेब. तिनं पयले... बराबरच लिवलं होतं. आज पायी आली... म्हून लागली धाप."

सुगतने हर्षाकडे पाहिलं. हर्षाने मान खाली घातली. त्याने एक्केचाळीसवर काट मारली, अकरा लिहिले आणि पुढचं नाव पुकारलं.

गाडी नागपूरला निघून गेली. हर्षा मनकर्णाबाईंना धरून घराकडे चालली होती. विजेच्या खांबाला टेकून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दम सापडल्यावर त्यांनी काळजीने विचारलं, "वाचली ना वं... तुयी नोकरी?"

"हो, मावशी," हर्षा म्हणाली.